पन्नास लाख डॉलरचा नटराज आणि मामांचा सर्च रिपोर्ट

शनिवार : चेन्नई, एग्मोर

एग्मोरचं सरकारी संग्रहालय शुक्रवारी बंद असतं. दिवाळीनंतरच्या सुट्टीत चेन्नई गाठणाऱ्यांनी हे आधी लक्षात ठेवावं. पँथिऑन रोडच्या त्या लाल इमारतींपुढून तशीच रिक्षा वळवावी लागलेले दोघं-तिघं माझ्याच ओळखीचे आहेत. आम्ही शनिवारी सकाळी दार उघडायच्या वेळेला हजर होतो. आम्ही म्हणजे मी आणि माझे थोरले मामा.

मामा उमरग्याचे. उभी नोकरी एका सरकारी बँकेच्या कर्ज विभागात गेली. सात-बारा, फेरफार, खरेदीखत, जमिनीची तीस वर्षांची मालकी तपासणारा सर्च रिपोर्ट या कागदांत त्यांना जो रस आहे तो देवळांत नाही. मला चोळकालीन कांस्यमूर्ती पाहायच्या होत्या, त्यातही ज्या परदेशी संग्रहालयांत जाऊन परत आल्या त्यांची गावं. मी सहज म्हटलं, की एका नटराजाचे पन्नास लाख डॉलर मोजले गेले आणि त्याची मालकी सिद्ध करणारं एक पत्र होतं. मामांनी चष्मा पुसला. "पत्र? बस्स, एक पत्र?" तिथेच त्यांचं तिकीट पक्कं झालं.

कांस्यदालनात शिरल्यावर मात्र मामाही काही वेळ गप्प होते. तिरुवालंगाडुचा नटराज समोर आला, की बोलणं जरा लांबच राहतं. मागची ज्वालांची प्रभावळ या मूर्तीला उरलेली नाही, त्यामुळे ते चार हात आणि उचललेला पाय नुसत्या हवेत तोललेले दिसतात. फ्रेंच शिल्पकार रोदँने या संग्रहालयातल्या नटराजाबद्दल भारावून लिहिलं होतं, तेही फक्त फोटो पाहून. मूर्ती त्याने कधी प्रत्यक्ष पाहिली नाही. पुढे तिरुवेंकाडुचा अर्धनारीश्वर. पुरुषाच्या अंगाला दोन हात, स्त्रीच्या अंगाला एक; आणि या तीन हातांत काही कमी आहे असं क्षणभरही वाटत नाही.

मामा मूर्तींपेक्षा खालच्या पाट्या जास्त वेळ वाचत होते. बहुतेक पाट्यांवर एका गावाचं नाव असतं. या मूर्ती संग्रहालयाने बाजारातून आणलेल्या नाहीत. त्यातल्या कितीतरी शेतात, देवळाच्या आवारात, घराचा पाया खणताना सापडलेल्या आहेत. चौदाव्या शतकात उत्तरेकडून स्वाऱ्या येऊ लागल्या, १३११ मध्ये मलिक काफूर मदुराईपर्यंत पोचला, तेव्हा ठिकठिकाणच्या पुजाऱ्यांनी उत्सवमूर्ती जमिनीत पुरल्या. खड्डा कुठे आहे हे ज्यांना ठाऊक होतं ते गेले आणि मूर्ती खालीच राहिल्या. १८७८ च्या निखात निधी कायद्याने असं ठरवलं, की जमिनीत दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवायचं. त्या कायद्याच्या वाटेने कित्येक मूर्ती इथे पोचल्या.

"म्हणजे पंचनामा झालेला माल," मामा म्हणाले. त्यांच्या तोंडून ही मोठी पावती होती.

दुसऱ्या इमारतीत अमरावतीच्या स्तूपाचे चुनखडी दगड आहेत. वॉल्टर इलियट या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याने १८४५ मध्ये अमरावतीला खोदकाम केलं, दगड मद्रासला आले, काही वर्षं उन्हापावसात पडून राहिले आणि त्यातला मोठा भाग १८५९ मध्ये लंडनला रवाना झाला. तो आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. एकाच स्तूपाचं कमळ इथे, तर त्याच्या शेजारचं दुसऱ्या खंडात. यात चोरी नाही, खोटी पावती नाही, सगळं सरकारी दफ्तरात नोंदलेलं. मामांना इथे आक्षेप घेता येईना आणि तेच त्यांना खुपत होतं.

रविवार : मैलापूर

रविवारी सकाळी कपालीश्वराच्या देवळात गेलो. गर्दी, जाईची गजरेवाली, तलावाकाठची पुस्तकांची दुकानं. यात्रेकरूंना जे दिसत नाही ते म्हणजे या देवळाच्या तिजोरीत ठेवलेला शिवपुरमचा नटराज. आम्हालाही दिसला नाही. तरी त्याची गोष्ट इथेच सांगते, कारण ती ऐकून मामांनी देवळाच्या पायऱ्यांवर बसकण मारली.

कुंभकोणमजवळ शिवपुरम नावाचं गाव आहे. १९५१ मध्ये तिथे जमिनीत काही कांस्यमूर्ती सापडल्या, त्यात हा दहाव्या शतकातला नटराज. रीतसर नोंद झाली आणि मूर्ती गावच्या देवळाला मिळाल्या. मग डागडुजी हवी म्हणून नटराज कुंभकोणमच्या एका शिल्पकाराकडे दिला. शिल्पकाराने हुबेहूब नक्कल ओतली, नक्कल देवळात परत आली आणि अस्सल मूर्ती बाजारात गेली. ती काही काळ आपल्या मुंबईत एका संग्राहकाकडे होती, तिथून न्यूयॉर्कच्या विक्रेत्याकडे आणि १९७३ मध्ये कॅलिफोर्नियाचे उद्योगपती नॉर्टन सायमन यांच्याकडे. किंमत दहा लाख डॉलरच्या आसपास.

गावात मात्र पूजा चालूच होती, नकलेची. कोणाला कळलं कसं नाही? उत्सवमूर्ती पाहायची आपली पद्धत आठवा. रेशमी वस्त्र, हार, चंदन, मुकुट. उघडा असतो तो चेहरा, तोही दिव्याच्या उजेडात. दंडावरचा दागिना कुठे झिजलाय, कमरपट्ट्याची गाठ कशी आहे, हे भक्ताला कधी दिसतच नाही. शंका घेतली ती ब्रिटिश म्युझियमच्या डग्लस बॅरेट यांनी. देवळातली मूर्ती नवी आहे हे त्यांनी १९६५ मध्ये छापून टाकलं. तरीही सौदा झाला. सायमन यांनी तर न्यूयॉर्कच्या पत्रकाराला बिनदिक्कत सांगितलं होतं, की माल चोरून बाहेर आणलेला आहे हे त्यांना ठाऊक आहे. भारत सरकारने दावा लावला, १९७६ मध्ये तडजोड झाली. दहा वर्षं मूर्ती अमेरिकेत दाखवायची आणि मग परत द्यायची. १९८६ मध्ये ती आली, आणि गावी न जाता इथल्या तिजोरीत गेली.

"चोरीचा माल म्हणून कबुली, आणि वर दहा वर्षं वापर?" मामा म्हणाले. "व्याजही नाही?"

रात्री एग्मोरहून उळवन एक्सप्रेस. पहाटे कुंभकोणम मागे टाकून ती तंजावरला सोडते. झोप बरी लागते.

सोमवार : तंजावर

तंजावरला पाऊस होता. ईशान्य मोसमी पावसाचे हे दिवस, कावेरीच्या खोऱ्यात भात कमरेएवढा. बृहदीश्वराला सकाळीच जाऊन आलो. राजराजाचं देऊळ पाहून मान दुखते ती दुखतेच, त्याबद्दल पुष्कळांनी लिहिलं आहे. मराठी माणसाने इथे शोधायचा तो भिंतीवरचा मराठी शिलालेख. सरफोजी राजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा सगळा इतिहास दगडावर कोरवून घेतला. मामांनी त्यातली दोन-चार वाक्यं मोठ्याने वाचली तशी शेजारची तमिळ कुटुंबं वळून बघायला लागली. सांबाराचा शोध तंजावरच्या मराठ्यांनी लावल्याची कथा मी इथे सांगणार नाही, हॉटेलच्या मॅनेजरपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे सांगतात.

दुपार राजवाड्यात गेली. नायकांच्या जुन्या दरबार हॉलमध्ये १९५१ पासून कलादालन आहे. मधोमध सरफोजी राजांचा संगमरवरी पुतळा आणि भोवती चोळांचे देव. तिरुवेंकाडुचा वृषवाहन शिव इथे आहे. एग्मोरच्या अर्धनारीश्वराचा गाववाला. नंदी नाहीसा झालाय, पण त्याच्या पाठीवर टेकवलेला कोपर तसाच हवेत सैल. डोक्याला जटांचं पागोटं, आणि ते असं गुंडाळलंय, की एखादा देखणा पोरगा शेतावरून येऊन बैलाला रेलून उभा आहे. ही मूर्ती १०११ सालची. सालाबद्दल इतकी खात्री असण्याचं कारण देवळातला शिलालेख. ती कोणाच्या काळात दिली गेली हे तिथे लिहून ठेवलंय, आणि पुढच्याच वर्षी तिच्या शेजारची देवी आली हेही. हजार वर्षांपूर्वीचं दानपत्र आणि दान दिलेली वस्तू, दोन्ही शाबूत. मामा त्या मूर्तीपुढे बराच वेळ उभे राहिले. मूर्ती त्यांना आवडली होती, पण कबूल करायचं नव्हतं.

मग एका कडेला दगडी द्वारपाल दिसला आणि आमचं सगळं गणित बिघडलं.

हा इथला नाही, हे पाहता क्षणी कळतं. बांधा वेगळा, दागिने वेगळे, दगड वेगळा. तो कुंभकोणमजवळच्या दारासुरमच्या देवळातून इथे आणला आहे, पण दारासुरमचाही नाही. त्याच्या पायाशी तमिळ ओळ कोरलेली आहे : विजयराजेंद्र देवांनी कल्याणपुर जाळून आणलेला द्वारपाल. विजयराजेंद्र म्हणजे चोळ राजा राजाधिराज. कल्याणपुर म्हणजे चालुक्यांची राजधानी कल्याणी, आजचं बसवकल्याण. अकराव्या शतकाच्या मध्यावर सोमेश्वर चालुक्याचा पराभव करून त्याच्या राजधानीतून ही लूट आणली गेली आणि चोळांनी ती मिरवण्यासाठी उभी केली.

बसवकल्याण बिदर जिल्ह्यात, उमरग्यापासून फार लांब नाही. मामांच्या लहानपणी तिथे नातेवाइकांकडे जाणं-येणं होतं. दोन दिवस ते परदेशी लोकांना चोर म्हणत होते, आणि आता त्यांच्याच शेजारच्या गावचा रखवालदार तंजावरच्या राजवाड्यात उभा होता, पायाशी लुटीची लेखी कबुली घेऊन.

"कागद एकदम क्लिअर आहे," मी म्हटलं. "कोणी नेला, कुठून नेला, कसा नेला, सगळं."

"मग परत मागायचा का?" मामा म्हणाले. मला उत्तर देता आलं नाही. बसवकल्याणहून तो कोणी मागितल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. राजाने केलेली लूट अभिमानाने दगडावर येते आणि हजार वर्षांत तिचा वारसा होतो. व्यापाऱ्याने केलेली लूट लपवायला खोटं पत्र लागतं. दोन्हींत फरक आहे असं मला वाटतं. पण तो फरक नक्की कुठे पडतो हे बोट ठेवून सांगायला मला त्या दालनात जमलं नाही, आणि आता लिहितानाही जमत नाहीये.

सरस्वती महाल ग्रंथालयात मामा खुलले. मोडी कागदांचे शेकडो गठ्ठे इथे आहेत. जुने जमिनीचे कागद वाचता यावेत म्हणून मामा नोकरीत असताना थोडी मोडी शिकले होते. सरफोजींनी १८२० मध्ये काशीयात्रा काढली तेव्हा हस्तलिखितंही गोळा करून आणली. युरोपातून पुस्तकं मागवली. इतका हौशी संग्राहक आपल्या राजघराण्यांत विरळा.

आणि त्याच्याच घरात चोरी झाली. जर्मन मिशनरी त्सीगेनबाल्ग याने ट्रांकेबारला, म्हणजे तरंगंबाडीला, १७१५ मध्ये छापलेला तमिळ नवा करार सरफोजींच्या संग्रहात होता, त्यांच्या सहीसकट. २००५ मध्ये तो इथून गायब झाला. २०२२ मध्ये तमिळनाडू पोलिसांच्या मूर्तिचोरी शाखेने सांगितलं, की तो लंडनमध्ये एका संग्रहाच्या यादीत दिसतो आहे. सरफोजी आणि त्यांचा मुलगा शिवाजी यांचं तंजावर शैलीतलं चित्रही असंच गेलं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या पीबडी एसेक्स म्युझियमने ते २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या सुभाष कपूर या विक्रेत्याकडून ३५ हजार डॉलरला घेतलं, आणि कपूरचं प्रकरण उघडं पडल्यावर २०१५ मध्ये तिथल्या तपासयंत्रणेच्या हवाली केलं. भिंतीवर घराण्याचा इतिहास कोरून ठेवणाऱ्या राजाचं चित्र कोणाच्या मालकीचं, हा प्रश्न घेणाऱ्याला पडू नये?

सुभाष कपूर हे नाव मामांनी डायरीत लिहून घेतलं. बुधवारी ते पुन्हा लागणार होतं.

मंगळवार : स्वामीमलै

कुंभकोणमला मुक्काम हलवला. स्वामीमलैला स्थपतींच्या, म्हणजे परंपरागत मूर्तिकारांच्या, कामशाळा पाहिल्या. मधमाशीचं मेण आणि राळ एकत्र करून मूर्ती घडवतात, तिच्यावर कावेरीच्या गाळाची तलम माती लिंपतात, भाजताना मेण वाहून जातं आणि त्या पोकळीत पंचरसी धातू ओततात. मग साचा फोडायचा. साचा फुटतो म्हणून एका साच्यातून एकच मूर्ती निघते. दोन मूर्ती तंतोतंत सारख्या होणं अवघड, आणि नक्कल ओळखता येते ती यामुळेच. मापं नारळाच्या पातीच्या पट्टीला घड्या घालून घेतात. शिवपुरम इथून जवळच, पण पावसाने रस्ता असा झाला होता, की आम्ही नाद सोडला. मामांनी एक पितळी समई घेतली आणि पक्की पावती मागितली. दुकानदार हसला. मामा हसले नाहीत.

बुधवार : श्रीपुरंदान

ज्या मूर्तीसाठी मी हा प्रवास आखला होता तिचं गाव आज. कुंभकोणमहून गाडी केली. कोळ्ळिडम या कावेरीच्या फाट्यावरचा अणैकरैचा जुना बंधारा लागतो. १८३६ मध्ये तो बांधताना इंग्रजांनी गंगैकोंडचोळपुरमच्या देवळाच्या आवारभिंतीचे दगड काढून वापरले. दगडांना वाटा फुटण्याची या भागात जुनी सवय आहे.

श्रीपुरंदान अरियलूर जिल्ह्यातलं लहान खेडं. बृहदीश्वराचं म्हणूनच ओळखलं जाणारं छोटं चोळ देऊळ, पण तंजावरच्या त्याच नावाच्या देवळाशी काही संबंध जाणवू नये असं. कुलूप होतं, किल्ली पुजाऱ्याकडे, पुजारी दुसऱ्या गावी. आमचे ड्रायव्हर अण्णा दुभाषी झाले. समोरच्या ओट्यावरच्या आजींनी सांगितलं, पूर्वी दिवाही लागत नसे, आत मधमाश्यांची पोळी होती, कोण जाणार. मी विचारलेलं पाहिलं आणि दोन-तीन माणसं जमली. परदेशी गेलेल्या नटराजाची चौकशी करणारे आम्ही पहिले नव्हतो, हे त्यांच्या चेहऱ्यांवरून कळत होतं.

घडलं ते असं. ओस पडलेल्या देवळांतल्या मूर्ती सुरक्षित जागी हलवाव्यात म्हणून अधिकारी आले, तेव्हा गावाने आधी विरोध केला होता. देव गावाबाहेर न्यायचे नाहीत. २००८ मध्ये शेवटी दार उघडलं तर आठ मूर्ती गेलेल्या. केव्हा गेल्या हेच कोणाला माहीत नव्हतं. चोरी दोन वर्षं आधी झाली असावी असं नंतरच्या तपासात निघालं. जवळच्या सुथमल्लीच्या वरदराज पेरुमाळ देवळाचीही हीच गत. आणि २००८ याच वर्षी कॅनबेराच्या नॅशनल गॅलरी ऑफ ऑस्ट्रेलियाने न्यूयॉर्कच्या मॅडिसन अव्हेन्यूवरच्या कपूरच्या दुकानातून एक नटराज विकत घेतला. पन्नास लाख अमेरिकन डॉलर.

आता मामांचा प्रांत. देवळाच्या कट्ट्यावर बसून त्यांनी माझ्याकडून एकेक कागद वदवून घेतला. गॅलरीला दाखवलेली मालकीची साखळी अशी : सुदानचा एक मुत्सद्दी दिल्लीत नेमणुकीला होता, त्याने १९६८ ते १९७१ च्या दरम्यान मूर्ती विकत घेतली, देशाबाहेर नेली, आणि पुढे त्याच्या पत्नीने ती विकली. पत्नीच्या सहीचं पत्र. तारखांची निवड बघा. प्राचीन वस्तूंच्या बेकायदा व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा करार १९७० चा, आपला पुरावशेष कायदा १९७२ चा आणि अंमल १९७६ पासून. त्याआधी मूर्ती बाहेर गेली असं दाखवलं, की या दोन्हींचा हात पोचत नाही. त्यामुळे जगभरच्या खोट्या प्रोव्हेनन्समध्ये, म्हणजे मालकीच्या इतिहासांत, साठच्या दशकातले मुत्सद्दी आणि सत्तर सालच्या पावत्या फार. न्यू साउथ वेल्सच्या गॅलरीने याच दुकानातून विरुद्धाचलमचा दगडी अर्धनारीश्वर घेतला, त्याच्यासोबत दिल्लीच्या एका तांब्या-पितळेच्या दुकानाची १९७० ची पावती होती! चोळांच्या देवळाच्या कोनाड्यातला देव, आणि पावती पातेल्यांच्या दुकानाची.

"मूळ दस्त?" मामा.

"नाही."

"निर्यात परवाना?"

"नाही."

"स्थळपाहणी?"

हा प्रश्न मी कुठे वाचला नव्हता. मामांच्या बँकेत पीककर्ज द्यायच्या आधी अधिकारी बांधावर जाऊन यायचा. जमीन आहे का, कोण कसतो, शेजाऱ्याला विचारायचं. पन्नास लाख डॉलरच्या खरेदीत हे व्हायला हवं होतं. मूर्ती चोळांची आहे, म्हणजे कावेरीच्या खोऱ्यातल्या कुठल्यातरी देवळातली आहे, हे शैलीवरून कुठलाही जाणकार सांगेल. मग ते देऊळ कुठलं, हे खरेदीआधी विचारायचा प्रश्न होता. गॅलरीच्या लोकांनी विकणाऱ्याच्या मागचा माणूस तपासला, त्याच्या मागचा तपासला आणि तिथे थांबले. बाईंचं पत्र खरं निघालं असतं तरी, दिल्लीच्या बाजारात देवळातला नटराज कसा आला, हा प्रश्न उरलाच असता.

स्थळपाहणीचा पुरावा शेवटी पाँडिचेरीत सापडला. तिथल्या फ्रेंच इन्स्टिट्यूटने १९५६ पासून दक्षिणेतल्या देवळांचे पद्धतशीर फोटो काढून ठेवलेत, लाखाच्या वर. आणि ते अभ्यासासाठी काढलेले, वस्त्र-हार उतरवून. श्रीपुरंदानच्या देवळातल्या नटराजाचा फोटो त्यात होता. ओतीव धातूत जे बारीक दोष राहतात, ज्वालांच्या टोकांची मोडतोड, पायथ्याचे ओरखडे, ते गॅलरीच्या फोटोशी जुळले. कागदावर १९७१ च्या आत देशाबाहेर गेलेली मूर्ती त्यानंतर कितीतरी वर्षं स्वतःच्या देवळात उभी होती. चोरीच्या मूर्ती शोधणाऱ्या, सिंगापूरमधून काम करणाऱ्या इंडिया प्राइड प्रोजेक्टच्या हौशी मंडळींनी, पत्रकारांनी आणि मूर्तिचोरी शाखेने हे धागे एकत्र आणले. कपूरला ऑक्टोबर २०११ मध्ये फ्रँकफर्टच्या विमानतळावर पकडलं, २०१२ मध्ये भारतात आणलं, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये कुंभकोणमच्या न्यायालयाने दहा वर्षांची शिक्षा सुनावली. सप्टेंबर २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान टोनी अॅबट यांनी नटराज आणि अर्धनारीश्वर दिल्लीत आपल्या पंतप्रधानांच्या हाती दिले. कॅनबेराच्या गॅलरीने पुढे आपला सगळा आशियाई संग्रह तपासायला घेतला आणि २०२१ मध्ये आणखी १४ वस्तू परत करायचं जाहीर केलं. हे त्यांच्या खात्यावर जमा धरलं पाहिजे.

पण श्रीपुरंदानच्या गाभाऱ्यात नटराज नाही. खटल्यातला मुद्देमाल म्हणून तो न्यायालयापुढे गेला आणि तिथून सरकारी सुरक्षा केंद्रात. आजींनी अण्णांना काहीतरी विचारलं. अण्णा म्हणाले, "त्या विचारतात, तुम्ही सरकारी माणसं आहात का? मूर्ती कधी देणार?" मामांनी नाही म्हणून मान हलवली आणि पहिल्यांदाच मला जरा ओशाळलेले दिसले. आपल्याच बाजूची फाइल उघडली तर तीही स्वच्छ नव्हती. दोन वर्षं दार न उघडलेलं देऊळ आपलं, नोंदवही नसलेलं खातंही आपलंच. फोटो ठेवले ते फ्रेंचांनी.

गुरुवार : पात्तूर, तिरुवारूर

पात्तूरला फक्त एका खड्ड्यासाठी गेलो आणि खड्डा काही तिथे नाही. भाताची खाचरं, पाटाचं पाणी, नारळ. १९७६ मध्ये इथे एका मजुराच्या कुदळीला धातू लागला, उजाड झालेल्या विश्वनाथाच्या देवळाजवळ. त्याने कलेक्टरला कळवायला हवं होतं. त्याने ती नटराजाची मूर्ती किरकोळ पैशांत विकली. हातोहात ती लंडनला पोचली. कॅनडाच्या बम्पर डेव्हलपमेंट या कंपनीने १९८२ मध्ये अडीच लाख पौंडांना घेतली आणि साफसफाईला ब्रिटिश म्युझियमकडे दिली. तिथून लंडनच्या पोलिसांनी जप्त केली.

पुढचा खटला मामांना तोंडपाठ झालाय. लंडनच्या न्यायालयात दावेदार कोण कोण? भारत सरकार, तमिळनाडू सरकार, पात्तूरचं देऊळ, आणि त्या देवळात उरलेलं शिवलिंग स्वतः. इंग्रजी कायद्याला हे पचणं अवघड, पण आपल्याकडे देव कायद्याने मालक असू शकतो, आणि न्यायालयाने देवळाचा दावा ऐकला. मूर्तीवरची माती, वाळवीच्या वाटांचे डाग, धातू, त्याच जागी सापडलेल्या दुसऱ्या कांस्यमूर्तींची घडण, सगळ्यांचे तज्ज्ञ साक्षीला उभे राहिले. १९८८ मध्ये निकाल देवळाच्या बाजूने, १९९१ मध्ये अपिलातही तोच, आणि त्याच वर्षी नटराज परत आला. "मातीने साक्ष दिली," एवढंच म्हणून मामा गाडीत बसले. त्यांच्या लेखी यापेक्षा भक्कम सर्च रिपोर्ट नाही.

नटराज आता तिरुवारूरला त्यागराजाच्या देवळातल्या मूर्ती सुरक्षा केंद्रात. देऊळ प्रचंड, समोरचा कमलालय तलाव देवळाएवढाच. केंद्र लोकांसाठी उघडं नसतं. आसपासच्या गावांच्या हजारो मूर्ती तिथे जाळीच्या दारांमागे आहेत. काही परत आलेल्या, बहुतेक चोरी होऊ नये म्हणून आधीच आणून ठेवलेल्या. कचेरीतल्या कारकुनाने, बाहेर पाऊस पडत होता म्हणून असेल, आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या. उत्सवाला गावाने अर्ज केला तर मूर्ती पोलीस बंदोबस्तात गावी जाते आणि उत्सव संपला की परत येते, असं तो म्हणाला.

परतीच्या बसमध्ये आमचं जुंपलं. माझं म्हणणं, मूर्ती गावातच हवी, कुलूप-कॅमेरा-वॉचमन यांचा खर्च सरकारने करावा. कुलपातला देव आणि काचेतला देव यांत गावाला काय फरक? मामांचं म्हणणं, आधी नोंद. प्रत्येक देवळाची यादी, प्रत्येक मूर्तीचे चारी बाजूंनी फोटो, वजन, उंची, आणि ती यादी तीन ठिकाणी. मग खुशाल गावात ठेवा. एग्मोरमध्ये ते म्हणाले होते पंचनामा झालेला माल, तोच हेका. त्यांचं पटत होतं, तरी मी वाद सोडला नाही.

कुंभकोणम यायच्या आत मामांनी उमरग्याला मुलाला फोन लावला. आपल्या देवीच्या मूर्तीचा एखादा नीट फोटो आहे का घरात, जुना चालेल. तिकडे बरीच शोधाशोध झाली. मग स्पीकरवर आवाज आला, "बाबा, नवरात्रातले पुष्कळ आहेत. पण सगळ्यांत हार नि साडीच दिसतीय हो. देवीचे नुसते डोळे."

"मग पुजाऱ्याला विचारून ठेव," मामा म्हणाले, "रविवारी सकाळी अभिषेकाच्या वेळी येतो म्हणावं. आणि टेप घेऊन ये. मोजायचा."